बाकरवडी, वेफर्स आणि कुत्रा: किती दिलं तर नेमकं काय होतं?

खिडकीतली_जाई

"माणसांचं खाणं कुत्र्याला देऊच नका" हे उत्तर नकोय, ते पाठ आहे. आकडे हवे आहेत.

कुत्रा: इथे सगळे ज्याला पॉमेरेनियन म्हणतात तो, म्हणजे खरं तर स्पिट्झ. नर, नसबंदी झालेली, वय ९, वजन ८.४ किलो. डॉक्टरांच्या मते ७ हवं. दोन वेळचं मिळून १०० ग्रॅम कोरडं खाणं. त्यावर सासरे रोज सहाच्या चहासोबत ४ छोट्या बाकरवड्या आणि ७-८ वेफर्स भरवतात. शनिवार-रविवार चिवडाही.

प्रश्न असे:
१) यात खरा धोका मिठाचा की तेलाचा?
२) कधी २०० ग्रॅमचं अख्खं पाकीट फस्त केलं तर पहिलं काय करायचं? नवऱ्याचं म्हणणं, मिठाचं पाणी पाजून ओकवायचं.
३) बदली काय द्यावं? बाबांची (सासऱ्यांची) अट एकच, खाताना कुरुम आवाज आला पाहिजे.

पट्टा_साखळी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो जिवावरचा आहे. मिठाचं पाणी अजिबात पाजू नका. बाकरवडीने होणार नाही ते मिठाच्या पाण्याने होईल.

हिशेब बघा. कुत्र्यात मिठाच्या विषबाधेची लक्षणं साधारण दर किलो वजनामागे २ ग्रॅम मिठाला दिसू लागतात, ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. तुमच्या ८ किलोच्या कुत्र्याला म्हणजे १६ ग्रॅम मीठ, चहाचे तीन चमचे सपाट भरून. तळलेल्या फरसाणाच्या पाकिटावर मागच्या बाजूला १०० ग्रॅमला ५०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ७०० धरलं तर २०० ग्रॅमच्या पाकिटात साडेतीन ग्रॅम मीठ झालं. १६ कुठे आणि साडेतीन कुठे. उलट पेलाभर पाण्यात तीन चमचे मीठ कालवून नरड्यात ओतलं, आणि तो ओकलाच नाही, तर तेवढं सगळं रक्तात जातं. रक्तातलं सोडियम वाढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आकसतात. मग झोकांड्या, थरथर, फिट्स. हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रयोगही घरी नको, त्याने जठराचं अस्तर सोलवटतं. ओकवायचंच असेल तर डॉक्टर अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देतात, तेही शक्यतो खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत.

मिठाने खरोखर विषबाधा होते ती वेगळ्याच गोष्टींनी: लोणच्याचा खार, पापडाचं पीठ, मुलांना खेळायला मीठ घालून मळलेला कणकेचा गोळा.

आता पहिला प्रश्न. निरोगी मूत्रपिंडं आणि भरलेलं पाण्याचं भांडं असेल तर मीठ लघवीवाटे निघून जातं. तेल तसं जात नाही.

एक छोटी बाकरवडी ८ ग्रॅमची धरली आहे, तुम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घ्या. फरसाणात शंभर ग्रॅमला २५ ते ३५ ग्रॅम तेल आणि ५०० च्या वर कॅलरी असतात. चार बाकरवड्या म्हणजे साधारण १६० कॅलरी. ७ किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याची दिवसाची गरज ४८० च्या आसपास (वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०, गुणिले १.६). म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा चहाच्या वेळी आटोपला. माणसाच्या मानाने हे जेवणाव्यतिरिक्त रोज दोन-अडीच वडापाव झाले. त्यावर वेफर्सच्या ६०-७० कॅलरी, आणि १०० ग्रॅम कोरड्या खाण्याच्या ३५०-३६०. वरचं दीड किलो आलं कुठून ते इथेच दिसतं. खाऊचा वाटा दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे ४८. एक बाकरवडी आणि वर चिमूटभर.

पण वजन ही सावकाशीची गोष्ट. घात होतो स्वादुपिंडाचा. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात उतरल्यावर जागे व्हायला हवेत. स्वादुपिंडाला सूज आली की ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच, आणि आजूबाजूच्या चरबीला, पचवायला लागते. एकदम तेलकट खाणं हे त्याचं नेहमीचं निमित्त. ज्यांना हा त्रास होऊन गेला आहे त्यांच्या पथ्यात १००० कॅलरींमागे २० ते ३० ग्रॅम स्निग्धांश ठेवतात. फरसाणात तो ६० च्या घरात असतो. लठ्ठ, मधुमेही, थायरॉइड कमी असलेली, फिट्ससाठी फिनोबार्बिटल किंवा पोटॅशियम ब्रोमाइड चालू असलेली कुत्री, आणि मिनिएचर श्नाउझर ही जात, यांच्या बाबतीत एका लाडूचंही निमित्त पुरतं. १२ तास उपाशी ठेवून काढलेलं रक्तही दुधाळ दिसत असेल, तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले समजा आणि तळलेलं कायमचं बंद करा.

आणि रोज खाऊनही आजवर काही झालं नाही, यावर विसंबू नका. सवयीने स्वादुपिंड कणखर होत नसतं.

कैरीची_डाळ

वरच्या हिशेबाशी सहमत. पण चिवड्याकडे कुणी बघितलंच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट पदार्थ तोच.

बेदाणे. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात आणि अमुक एवढे चालतात असा सुरक्षित आकडाच नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन टुणटुणीत राहतो, दुसरा पाच-सहा खाऊन तीन दिवसांनी लघवी करायचा थांबतो. घातक घटक टार्टरिक आम्ल असावं असं आता मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा आंबटगोड बाकरवडीच्या सारणात काय काय पडतं ते आठवा.

कांदा-लसूण. वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर तांबड्या पेशी फुटण्याचा धोका. ८ किलोला ४० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा अर्धा. शिजवून, तळून यात फरक पडत नाही. वाळवून तर उलटच होतं, कांद्यात ९० टक्के पाणी असल्यामुळे एक ग्रॅम पावडर म्हणजे आठ-दहा ग्रॅम कांदा झाला. मसाला वेफर्सच्या पाकिटावर "ओनियन पावडर, गार्लिक पावडर" शोधा. लसूण कांद्याहून तीन ते पाच पट जहाल धरतात. फसवं हे की त्या दिवशी काहीच होत नाही. तीन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, चढावर धाप, लघवी कोऱ्या चहासारखी. तोवर चिवडा सगळे विसरलेले असतात आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

सिंहगडावर कांदाभजीची प्लेट कुत्र्यापुढे सरकवणाऱ्यांनीही हे वाचावं. मिसळीची तर्री चाटायला देणाऱ्यांनी दोनदा वाचावं: तेल, कांदा, लसूण, मीठ, चारही एका वाटीत.

शुगरफ्री मिठाईच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) किंवा त्याचाच क्रमांक आयएनएस ९६७ दिसला तर डबा वरच्या फळीवर. दर किलोला ०.१ ग्रॅमला साखर कोसळते, ०.५ ला यकृत.

नऊवारी_ते_नायलॉन

मीठ दिल्याने कुत्र्याचे केस गळतात ना? म्हणून आम्ही घरचं खाणं पूर्ण बिनमिठाचं करतो. बाकरवडी बंद करायचं हेच कारण पुरेसं नाही का?

पट्टा_साखळी

नाही, आणि हा गैरसमज पुण्यात फारच रुजलेला आहे. मिठाने केस गळत नाहीत. केस गळतात ते पिसवा, गोचीड, खरजेचे किडे, बुरशी, अन्नाची अॅलर्जी, थायरॉइड यांनी, आणि स्पिट्झ जातीत वर्षातून दोनदा नैसर्गिकच झडतात.

कुत्र्याला सोडियम लागतं. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १५० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ जेमतेम ०.४ ग्रॅम, दोन-तीन चिमटी. विकतच्या कोरड्या खाण्यात ते घातलेलं असतं, वरून काही नको. पण घरी नुसता भात, चिकन आणि भोपळा बिनमिठाचा वर्षानुवर्षं घालत असाल तर सोडियम कमी पडू शकतं, आणि मिठाच्या आधी कॅल्शियम कमी पडतं. घरचा आहार एकदा डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या.

अपवाद म्हणजे हृदयाचा आजार. ९ वर्षांच्या लहान जातीत डाव्या झडपेची गळती खूप आढळते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये मर्मर, म्हणजे त्या गळतीचा आवाज, ऐकू आला असेल तर मिठाचं गणितच बदलतं, खारट खाऊने फुप्फुसात पाणी साचायला निमित्त मिळू शकतं. घरी करायची चाचणी सोपी आहे: गाढ झोपेत छाती वर-खाली होणं हा एक श्वास, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवा. दोन-तीन दिवस सलग त्याच्या वर जात असेल तर दाखवा, आणि जागेपणीही धाप दिसत असेल तर त्याच रात्री.

खिडकीतली_जाई

मर्मर नाही, जूनमध्येच तपासलंय. मिठाच्या पाण्याचं नवऱ्याला वाचून दाखवलं. पण मग पाकीट फस्त झालं तर क्रमाने काय करायचं?

शेपटीचं_घड्याळ

क्रमाने सांगते. मोठं पाकीट, ८ किलोचा कुत्रा, ६० ग्रॅम तेल, असं धरून.

पाकीट फेकू नका. घटकांची यादी आणि वजन असलेल्या बाजूचा फोटो काढा, किती उरलंय ते वजा करा, वेळ लिहा. बेदाणे, कांदा-लसूण पावडर, झायलिटॉल, चॉकलेट यांतलं काही असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन. नुसतं तेल-मीठ असेल तरी फोन कराच, ओकवायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्याला आधीच मळमळत असेल किंवा तो सुस्त असेल तर ओकवत नाहीत, उलटी श्वासनलिकेत जाते.

पाणी द्या, पण बादली पुढे ठेवू नका. ८ किलोला अर्धी वाटी दर अर्ध्या तासाने. तहानलेला कुत्रा एका दमात लिटरभर प्यायला की ते सगळं फसकन बाहेर येतं. पाण्याला तोंडच लावत नसेल तर ते स्वतःच एक लक्षण.

पुढचं एक जेवण गाळा. मग दिवसाच्या मापाचे चार भाग करून थोडं थोडं: एक भाग उकडलेलं, साल काढलेलं चिकन ब्रेस्ट आणि दोन भाग मऊ भात. तूप नाही, हळद-जिरं नाही. "दोन दिवस कडकडीत उपाशी ठेवा" हा सल्ला जुना झाला. उलटी आटोक्यात येताच कमी तेलाचं खाणं लवकर सुरू करतात, आतडं रिकामं ठेवून फायदा होत नाही.

मग ७२ तास नजर. स्वादुपिंडाचं दुखणं त्याच रात्री येईल असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही डोकं काढतं. एक खूण नीट ओळखून ठेवा: पुढचे कोपर जमिनीला टेकलेले, छाती खाली, ढुंगण वर. अंग ताणतो तशीच मुद्रा. पण ताणणारा कुत्रा दोन सेकंदांत उठून शेपूट हलवतो, दुखणारा त्याच मुद्रेत थिजून राहतो, पाठ किंचित कमानीसारखी, आणि हात पोटाखाली नेला की पोट फळीसारखं घट्ट करतो. काही जण गार फरशी शोधत फिरतात, बसतात, उठतात, पुन्हा बसतात. लाडू दाखवला तरी तोंड फिरवलं, दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, पाणीही टिकेना, झोकांडी गेली, यांतलं एक झालं की थांबू नका.

दवाखान्यात गेल्यावर "तेलकट खाल्लंय" हे आधी सांगा. रक्तातल्या अमायलेज-लायपेज या पाचकरसांच्या नुसत्या आकड्यावर कुत्र्यात निदान होत नाही. सीपीएल नावाची कुत्र्यांसाठीची वेगळी रक्ततपासणी आहे, आणि सोनोग्राफी. पहिल्या दिवशी सोनोग्राफी चांगली आली म्हणून स्वादुपिंड चांगलंच आहे असं होत नाही. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणारं मॅरोपिटंट, आणि वेदनाशामक. हे शेवटचं वगळलं जात असेल तर स्पष्ट विचारा, हे दुखणं भयंकर असतं. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल मात्र देऊ नका. पहिल्या दोन्ही जठराला भोकं पाडतात आणि मूत्रपिंड बसवतात, तिसरी यकृत.

अवांतर, पण महत्त्वाचं: चकाकणारं पाकीट हा स्वतंत्र धोका आहे. कुत्रा तळातल्या चुऱ्यासाठी डोकं आत घालतो, श्वासाबरोबर प्लास्टिक नाकातोंडाला चिकटतं, आणि पुढच्या पायांनी त्याला ते निघत नाही. काही मिनिटांत गुदमरतो. सुक्या कचऱ्यात टाकण्याआधी पाकीट तळाला आणि एका बाजूने उभं कापून सपाट करा.

टेकडीवरचा_दगड

घरच्या कुत्र्याला निदान कुणीतरी मोजून बघतं. पुण्यातल्या तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणारे दहा जण दहा पुडे फोडतात त्याचं काय?

१८ किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला ९५०-१००० कॅलरी लागतात. ५० ग्रॅमच्या ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्यात सव्वादोनशे. चार पुडे झाले की दिवसाचं पोट भरलं, पण प्रथिनं मिळाली हजार कॅलरींमागे १५ ग्रॅम, लागतात ४५. कुत्रा गोल दिसतो आणि आतून कुपोषित. लोक म्हणतात, "बघा, कसा धष्टपुष्ट आहे!"

मीठ इथे मात्र खरंच मोजायला हवं. वर हिशेब दिला तो पाण्याचं भांडं भरलेलं आहे असं धरून. एप्रिल-मेमध्ये टेकडीवर पाणी नसतं. कुत्र्याला एरवीच दिवसाला किलोमागे ५०-६० मिलिलिटर पाणी लागतं, १८ किलोला जवळपास लिटर, उन्हात त्याहून जास्त. त्यात उरलेल्या भेळेचं फरसाण कागदासकट ठेवून आपण निघून जातो. द्यायचंच असेल तर सिमेंटचं जड पसरट भांडं आणि पाणी, तेही दर दोन दिवसांनी घासून, डास होतात. खायला उकडलेलं अंडं सोलून (७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं), किंवा भात-चिकनखिमा. आणि मुलांच्या खेळायच्या जागेजवळ, जिन्यात, फाटकात घालू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून घ्यायची तरतूद आहे, सोसायटीत भांडण्यापेक्षा ती वापरा.

कैरीची_डाळ

तिसरा प्रश्न राहिला, कुरुमचा.

काकडीचे अर्धा इंच जाड काप, फ्रिजमध्ये गार केलेले. १०० ग्रॅमला १५ कॅलरी, म्हणजे बाबांनी वीस काप भरवले तरी बिघडत नाही. गाजर ४० कॅलरी, कच्चं, बोटाएवढे तुकडे, आवाज बाकरवडीपेक्षा मोठा. वाफवलेली फरसबी. सफरचंद बिया काढून. चिकन ब्रेस्टच्या पातळ पट्ट्या ओव्हनमध्ये ९० अंशांवर तीन-साडेतीन तास कडक होईपर्यंत, आधी वाफवून घ्या म्हणजे जंतूंची काळजी नको. पूर्ण गार करून हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर.

आणि बाबांना "देऊ नका" म्हणू नका. त्यांच्या बाकरवडीच्या डब्याशेजारी तसाच दुसरा डबा ठेवा, सकाळी त्यात दिवसाचा ४८ कॅलरींचा वाटा मोजून घाला. डबा संपला की संपला. कुत्र्याला चव नको असते, सहा वाजता बाबांच्या हातून काहीतरी मिळायला हवं असतं. पहिले चार दिवस तो काकडी थुंकेल. थुंकू द्या.

खिडकीतली_जाई

दुसरा डबा आजच काढला. बाबा विचारतायत, काकडीऐवजी चुरमुरे चालतील का, तेल तर नसतंच त्यात?

कैरीची_डाळ

तेल नसतं, पण बाजारच्या चुरमुऱ्यांना भाजण्याआधी मिठाचं पाणी लावलेलं असतं, जिभेवर ठेवून बघा. त्यापेक्षा ज्वारीच्या लाह्या, घरी कोरड्या कढईत फोडलेल्या, न फुटलेले दाणे चाळून काढून. रोज लहान वाटीभर. काकडी मात्र डब्यात राहू द्या.